जेवणाच्या टेबलावर विचारलेला प्रश्न

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी मुंबईत कायद्याचे शिक्षण घेत आहे. कंपन्यांची कामे पाहणाऱ्या एखाद्या मोठ्या लॉ फर्ममध्ये शिरावे, अशी तिची मनीषा आहे. घरच्यांना त्या मनीषेचा अभिमान वाटतो आणि थोडी भीतीही वाटते. गेल्या पावसाळ्यात ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली व म्हणाली, "फादर, हे वाचा, आणि मग मला सांगा, मी कॉर्पोरेटमध्ये जाऊ की नको." पुस्तक होते सोनिया सोतोमायोर यांचे 'माय बिलव्हेड वर्ल्ड' हे आत्मकथन. जानेवारी २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लेखिका २००९ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आहेत आणि त्या पदावर बसलेल्या पहिल्या लॅटिना, म्हणजे स्पॅनिश भाषक लॅटिन अमेरिकन वंशाच्या पहिल्या स्त्री आहेत. मात्र हे पुस्तक सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातच नाही. १९९२ साली त्या प्रथम न्यायासनावर बसतात, तेथे ते थांबते. त्यामुळे न्यायमूर्ती होण्यापूर्वीची विद्यार्थिनी, सरकारी वकील आणि मग व्यापारी फर्ममधील वकील एवढीच व्यक्ती येथे भेटते, आणि आपल्याला हवी आहे ती तीच.

पहिले दृश्य वाचकाने विसरू नये. ब्राँक्समधील एका लहानशा घरात आईवडील भांडत आहेत. सात वर्षांच्या सोनियाला मधुमेह झाल्याचे निदान झालेले आहे आणि रोजचे इन्शुलिनचे इंजेक्शन कोणी द्यायचे यावर तंटा चालू आहे. वडिलांचे हात दारूने थरथरतात. आई परिचारिका असूनही मुलीला सुई टोचताना कष्टी होते. ते ऐकून मुलगी ठरवते की, आपणच टोचून घ्यायचे. ती खुर्ची ओढते, वर चढते, काडी ओढून शेगडी पेटवते आणि सिरिंज उकळायला ठेवते. आपले जगणे आपल्यालाच सांभाळायचे आहे, हे तिला येथे कळते, आणि पुढे येलच्या वर्गात वा वकिलीच्या दालनात ती जे करते त्याचे मूळ या खुर्चीत आहे. लेखिकेने हे कोठेही ओढूनताणून जोडलेले नाही. वाचक ते आपोआप जोडतो, हे निवेदनाचे यश होय.

वडील १९६३ साली वारले, तेव्हा सोनिया नऊ वर्षांची होती. आई कित्येक महिने अंधाऱ्या खोलीत दार लावून बसली. याच काळातील एक प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. आईला भेटायला या, अशी विनंती झाली असता तेथील धर्मगुरूंनी नकार दिला. कारण ती बाई रविवारच्या मिस्साला येत नसे. मुलीला याचा संताप येतो. आई स्वतः येत नसेल, पण मुलांना पाठवते, दानासाठी पैसे देते, रुग्णालयात राबते. मग तिच्या दुःखाच्या वेळी तिच्या धर्मगुरूने येऊ नये? लेखिका एवढे सांगून पुढे जाते, ओरडत नाही. माझ्यासारख्या वाचकाला मात्र पुढे जाता आले नाही. मिस्साला न येणारी म्हणून ज्यांच्या घराची पायरी चढायची राहून गेली, अशी दोनतीन घरे मला त्या रात्री नावानिशी आठवली.

कॅथलिक शाळेविषयीही लेखिकेचे मन असेच दुहेरी आहे. ब्लेसेड सॅक्रमेंट शाळेतील धर्मभगिनींची शिस्त कडक होती, हातावर छडी बसे, आणि नोकरी करणाऱ्या आयांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी नाराजीची होती. गंमत अशी की, त्या आया नोकरी करीत त्या याच शाळेची फी भरता यावी म्हणून! तरीही त्या शाळेविना आपण घडलो नसतो, हे सोतोमायोर मोकळेपणी मान्य करतात. पुस्तक बाहेर आले त्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०१३ मध्ये, ती शाळा बंद करण्याचा निर्णय महाधर्मप्रांताने जाहीर केला आणि त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे दुःख व्यक्त केले. (आजीच्या घरी शनिवारी रात्री चालणाऱ्या, मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकांचे वर्णनही पुस्तकात आहे. ते मी एका धर्मगुरूने वाचावे तसे भुवया उंचावून वाचले, आणि आजी मला आवडली हेही सांगून टाकतो.)

आता मूळ विषयाकडे येतो. या पुस्तकाच्या मध्यभागी एक प्रश्न आहे आणि तो लेखिकेला निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला आहे. पहिल्यांदा तो शाळेतील परिचारिकेच्या तोंडून येतो. प्रिन्स्टन विद्यापीठाकडून प्रवेशाची 'शक्यता दाट' असल्याचे सोनियाला कळवण्यात आले होते, तर वर्गातील पहिल्या दोन मुलींना नुसते 'शक्य'. असे कसे झाले, अशी पृच्छा परिचारिका करते. मुलीला उत्तर सुचत नाही. लाज मात्र वाटते. १९७२ साली ती प्रिन्स्टनमध्ये दाखल होते. तेथे मुलींना प्रवेश मिळू लागून तीनच वर्षे झाली होती. इतिहासाच्या पहिल्या निबंधाला तिला 'सी' श्रेणी मिळते. आपले इंग्रजी स्पॅनिशच्या साच्यात ओतलेले आहे, हे तिला तेथे कळते. स्पॅनिशमध्ये विशेषण सहसा नामानंतर येते, आणि तीच घडण तिच्या इंग्रजी वाक्यांत उतरत होती. मग सुट्टीत व्याकरणाची पुस्तके आणि रोज दहा नवे शब्द. घरी सामवेदी किंवा वाडवळी, शाळेत प्रमाण मराठी आणि कॉलेजात इंग्रजी, अशा तीन उंबरठ्यांवर ठेचकाळलेल्या आपल्या वाचकांना ही पाने समजावून सांगावी लागणार नाहीत. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे माझे पहिले इंग्रजी टिपण परत आले, तेव्हा त्यावर तांबड्या शाईखेरीज फारसे काही उरले नव्हते. १९७६ साली सोतोमायोर प्रिन्स्टनमधून सर्वोच्च श्रेणीच्या सन्मानासह बाहेर पडल्या आणि पदवीपूर्व विद्यार्थ्याला मिळणारा तेथील सर्वात मोठा मान, पाईन पुरस्कार, त्यांना मिळाला.

येथे कोणी म्हणेल की, प्रश्न संपला. तो संपत नाही, आणि येलची प्रकरणे म्हणूनच या पुस्तकातील सर्वात मोलाची आहेत.

अमेरिकेत पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण असते. दुसरे वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात मोठ्या लॉ फर्म विद्यार्थ्यांना कामाला घेतात, त्यांची पारख करतात आणि जे पसंत पडतील त्यांना सुट्टी संपताना कायमच्या नोकरीचे वचन देतात. येलसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला असे वचन न मिळणे ही जवळजवळ न घडणारी गोष्ट. १९७८ च्या उन्हाळ्यात सोतोमायोर न्यूयॉर्कमधील एका नामांकित फर्ममध्ये काम करीत होत्या. त्यांना एका खटल्यातील लेखी युक्तिवाद तयार करायला सांगण्यात आले. त्यांनी कष्टाने लिहिले, पण पक्षकाराची बाजू पटवून देणारे लिखाण कसे असते हे त्यांना तोवर उमगलेलेच नव्हते. सुट्टी संपली, वचन मिळाले नाही. लेखिका याला सरळ अपयश म्हणते. फर्मवर पक्षपाताचा आळ घालत नाही, स्वतःची समजूत घालत नाही. आपले नेमके काय चुकले हे शोधायला आणि भरून काढायला आपल्याला पुढची कित्येक वर्षे लागली, असे ती सांगते. यशस्वी माणसांच्या आत्मकथनांत अपयश बहुधा दागिन्यासारखे घातलेले असते. येथे ते बोचते.

त्यानंतर दोनतीन महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, ते जेवण झाले. वॉशिंग्टनच्या एका फर्मने भरतीच्या निमित्ताने येलच्या विद्यार्थ्यांना जेवायला बोलावले होते. टेबलावर समोर बसलेल्या भागीदाराने विचारले की, तू प्युर्तो रिकन नसतीस तर येलमध्ये तुला प्रवेश मिळाला असता का? पात्रता नसलेल्या अल्पसंख्य विद्यार्थ्यांना नोकरी द्यायची आणि तीनचार वर्षांनी काढून टाकायचे, यात फर्म त्यांचे नुकसानच करीत नाहीत का? त्या वर्षाची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. जून १९७८ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने बक्की खटल्याचा निकाल दिला होता. कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी सोळा जागा अल्पसंख्यांसाठी राखल्या होत्या. अशा ठरावीक राखीव जागा न्यायालयाने अवैध ठरवल्या, मात्र प्रवेश देताना वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहण्यास मुभा ठेवली. तेव्हा तो भागीदार त्या दिवसांत सगळीकडे बोलले जाणारेच बोलत होता, फक्त समोर जिला जेवायला बसवले होते तिच्या तोंडावर बोलत होता.

सोतोमायोर यांनी टेबलावर शांतपणे उत्तर दिले की, त्याने बहुधा नुकसान झाले नसावे. पण प्रिन्स्टनमधील सर्वोच्च सन्मानाचाही त्यात काही वाटा असावा. दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीत त्यांनी त्या गृहस्थाला समोरासमोर जाब विचारला. त्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. त्याने उलट पुढील भेटीसाठी वॉशिंग्टनला बोलावले. त्यांनी नकार दिला व विद्यापीठाकडे लेखी तक्रार केली. या तक्रारीमुळे फर्म येलकडे फिरकेनाशा होतील, अशी काही सहाध्यायांना धास्ती होती. चौकशी झाली, फर्मने माफी मागितली, ती अपुरी ठरवली गेली आणि मग दुसरी माफी आली.

मला वाटते, हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पुस्तकात ते वेगवेगळे येतात आणि लेखिका त्यांची गाठ मारत नाही. पण विचार करा: जिला नुकतेच एका मोठ्या फर्मने नाकारले आहे, आणि तेही कामातील खऱ्या उणिवेमुळे, तिला कोणी विचारतो की, तुमच्यासारख्यांना घेऊन शेवटी काढूनच टाकावे लागते ना? तिच्या मनात त्या क्षणी कोणता काटा सलला असेल? तक्रार करण्याचे धैर्य खरे मोठे दिसते ते येथे. स्वतः निष्कलंक असणाऱ्याने अन्यायाविरुद्ध उभे राहणे तुलनेने सोपे असते. आपली उणीव ठाऊक असूनही 'तरीही हा प्रश्न विचारण्याचा तुला अधिकार नाही' असे म्हणणे कठीण. लेखिकेने ही गाठ मारली असती तर हे आत्मकथन आणखी एक पायरी वर गेले असते. त्यांनी का मारली नाही, याचा अंदाज करता येतो. न्यायाधीश पदावरून लिहिणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक वाक्य तोलून टाकावे लागते.

येथे आणखी एक विचार मनात येतो. 'बलुतं' मराठीत आले तेही १९७८ सालीच. त्यानंतरची दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला सोतोमायोर यांचा स्वर फार सौम्य वाटेल. येथे संताप आहे तो दाबलेला, कडेकडेने चालणारा. पण एका ठिकाणी हा सौम्यपणा गळून पडतो. नेल्सन हा सोनियाचा मामेआतेभावंडांतील जिवलग सोबती. तिच्याहून हुशार, असे तीच म्हणते. तोच परिसर, तीच आजी. तो हेरॉइनच्या नादी लागला आणि तिशी गाठण्याआधी एड्सने गेला. तो का गेला आणि मी का तरले, हा प्रश्न लेखिका विचारते आणि तिला पुरते उत्तर सापडत नाही. लायकीच्या प्रश्नाला या पुस्तकाने दिलेले सर्वात प्रामाणिक उत्तर हे आहे, असे मी समजतो. प्रिन्स्टनचा सन्मान दाखवून त्या भागीदाराला गप्प करता येते, नेल्सनला दाखवता येत नाही. गुणवत्ता दोघांत होती. मुलीला घरात, आजीच्या नजरेखाली ठेवले गेले. मुलगा म्हणून त्याला रस्ता मोकळा होता. शिवाय तिला स्वयंपाकघराच्या टेबलावर सोबत होती. तिची आई पूर्ण अर्हतेची परिचारिका होण्यासाठी उतारवयाकडे झुकताना पुन्हा कॉलेजात गेली आणि मायलेकी एकाच टेबलावर अभ्यास करीत. परीक्षेच्या नावाने आईचे हातपाय गळत, तरी ती उत्तीर्ण झाली.

येलनंतरची वाट मात्र सरळ व्यापारी वकिलीकडे गेली नाही, हे आमच्या धर्मग्रामातील त्या मुलीने नीट पाहावे. एका संध्याकाळी सार्वजनिक क्षेत्रातील वकिलीविषयी एक परिसंवाद चालू होता. सोतोमायोर आत शिरल्या त्या मागे मांडलेल्या फुकटच्या चीजसाठी. तेथे मॅनहॅटनचे मुख्य सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थाऊ भेटले आणि १९७९ साली त्या त्यांच्या कार्यालयात रुजू झाल्या. फौजदारी खटले चालवताना, ज्यूरीपुढे केवळ तर्क मांडून भागत नाही, त्यांच्या न्यायबुद्धीला साद घालावी लागते, हे त्या शिकल्या. उन्हाळ्यातील त्या फर्ममध्ये जे जमले नव्हते ते येथे जमू लागले. १९८४ साली त्या पाविया अँड हारकोर्ट या लहानशा व्यापारी फर्ममध्ये गेल्या आणि १९८८ साली तिच्या भागीदार झाल्या.

आणि नेमके येथेच पुस्तक मला निराश करते. ही फर्म इटालियन कंपन्यांची कामे पाहत असे. फेंडी कंपनीच्या पिशव्यांच्या नकला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर विकल्या जात, त्या पकडण्याचे काम सोतोमायोर यांच्याकडे होते. तपासनिसांबरोबर त्या छाप्यांना जात, गोळीप्रतिबंधक जाकीटही घालत. पकडलेला माल एका नामवंत उपाहारगृहाच्या आवारात कचऱ्याच्या गाडीत घालून सर्वांदेखत चिरडण्याचा सोहळाही झाला. हे सारे खुमासदार आहे, वाचायला मजा येते. पण लायकीच्या प्रश्नावर एवढे खोल जाणारी लेखणी येथे प्रश्न विचारणेच थांबवते. रस्त्यावर पथारी टाकून नकली पिशव्या विकणारे कोण होते? ब्राँक्सच्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या स्त्रीला त्यांच्याकडे पाहताना काय वाटले? नक्कल करणे हा गुन्हा आहे, कंपनीचा हक्क खरा आहे, आणि वकिलाने आपल्या पक्षकाराची बाजू निष्ठेने मांडायची असते, हे सर्व मान्य. तरीही ज्या आजीच्या घरात सारा मोहल्ला जेवून जाई, तेथून फेंडीच्या दालनापर्यंतच्या अंतराविषयी चार पाने हवी होती. त्याऐवजी चांगल्या सहकाऱ्यांची, चांगल्या पक्षकारांची आणि चांगल्या मैत्रीची हकिकत मिळते. व्यापारी वकिली वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याच वर्षांत त्या गहाणकर्जाच्या सरकारी संस्थेवर आणि प्युर्तो रिकन लोकांच्या कायदेविषयक हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेवर बिनपगारी काम करीत होत्या. त्यांनी हे दोन्ही हात एकमेकांना कसे सांभाळत होते ते उघड करून दाखवायला हवे होते. ज्यांना ही वाट चालायची आहे त्यांची खरी गरज ती होती.

माणसांविषयीही हाच दोष जाणवतो. या ग्रंथात भेटणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला अखेरीस प्रशस्तिपत्र मिळते. 'स्मृतिचित्रे' ज्यांच्या घरात आहे त्यांना फरक लगेच कळेल. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचा तापटपणा व लहरीपणा जसाच्या तसा दाखवला, स्वतःची फजिती त्याहून मोकळेपणी सांगितली, आणि तरी टिळकांवरील त्यांची माया पानापानावर आहे. लेखनात झारा हौशमंद या कवयित्रीचे साहाय्य झाल्याचे सोतोमायोर यांनी ऋणनिर्देशात नोंदवले आहे. भाषेचा जो गुळगुळीतपणा काही प्रकरणांत जाणवतो त्याचे कारण ते असेल वा नसेल. पण खुर्चीवर चढलेल्या मुलीचा खरखरीत आवाज उत्तरार्धात मला पुष्कळदा ऐकू आला नाही.

जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न मात्र पुस्तकाबाहेरही त्यांचा पाठलाग करीत राहिला. २९ जून २०२३ रोजी अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची बक्की खटल्यापासूनची मुभा जवळजवळ मोडीत काढली. सोतोमायोर यांनी भिन्नमताचे दीर्घ निकालपत्र लिहिले. ते कायद्याच्या भाषेत आहे, आठवणींच्या नाही. तरी ज्याने हे आत्मकथन वाचले आहे त्याला त्या निकालपत्रामागे ती परिचारिका आणि तो भागीदार उभे दिसल्यावाचून राहणार नाहीत.

मी त्या मुलीला सांगितले की, तुझ्या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात नाही, आणि ते माझ्याजवळही नाही. येलची प्रकरणे मात्र मुलाखतींना जाण्यापूर्वी पुन्हा वाच, विशेषतः तो वाया गेलेला उन्हाळा. तिने विचारले, "आणि फेंडीचं?" मी म्हटले, तेही वाच, पण पेन्सिल हातात धरून. इंग्रजी जड जाणाऱ्या शाळकरी मुलांसाठी याच पुस्तकाची सोपी आवृत्ती २०१८ साली निघाली आहे. ती आपल्या ग्रंथालयासाठी मागवावी असे मी समितीला सुचवले आहे.